आक्षेप आला नाही

आमच्या गटाच्या नियमावलीत एक ओळ माझ्या हातची आहे : 'आठ दिवसांत कोणाचाही आक्षेप आला नाही, म्हणून प्रस्ताव मंजूर.' ओळ खोटी नाही. तरी ती मी लिहायला नको होती, असं मला गेली कित्येक वर्षं वाटतं. का, ते मात्र दर वेळी वेगळं वाटतं.

गट म्हणजे एकाच संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही पंधरा-वीस जण. शहरात गारखेड्याला एका सरांच्या क्लासची वरची खोली होती, तिथे रविवारी सकाळी जमायचो. प्रत्येकाने आपल्या प्रोग्रॅमचे उपयोगी तुकडे एका जागी ठेवायचे, ज्याला लागेल त्याने उचलायचे, एवढीच कल्पना. पण माझा तुकडा तुमच्या तुकड्याला जोडायचा तर दोघांची लिहिण्याची पद्धत एक हवी. ओळ कुठे तोडायची, प्रोग्रॅममधल्या गोष्टींना नावं कशी द्यायची, काही बिघडलं तर प्रोग्रॅमने काय सांगायचं. हे ठरवणारा मोठा माणूस कोणी नव्हता. मग रीत पडली : ज्याला नियम सुचेल त्याने तो गटाच्या मेलवर मांडायचा आणि आठ दिवस थांबायचं. हरकत आली तर चर्चा, नाहीतर नियम पक्का. बाहेरच्या मोठ्या गटांतही असंच करतात, असं सर सांगायचे. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

गटात सोयगावकडचा एक मित्र होता. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. हा कारखान्यांजवळ, बजाजनगरला खोली करून राहायचा. दिवसा वर्कशॉपमध्ये मशीनवर उभा, आणि उरलेल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकलेला, तेही आपलं आपण. पाळीत किती नग निघाले, किती बाद झाले, हे दाखवणारा एक प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. त्यातली सगळी नावं मराठी, फक्त अक्षरं इंग्रजी. पाळी, नग, भंगार.

सरांनी पडद्यावर तो वाचला तेव्हा खोलीत हशा झाला.

"हे 'भंगार' काय आहे हो?"

"बाद झालेला माल, सर."

"मग रिजेक्शन म्हणा ना."

"रिजेक्शन सुपरवायझर म्हणतो. मशीनवरला माणूस भंगारच म्हणतो."

"उद्या परदेशातल्या कोणी वाचलं तर?"

"त्यो कशाला बजाजनगरला यायलाय, सर?"

पुन्हा हशा. मीही हसलो. पण तसाच एक प्रोग्रॅम मीही लिहिला होता, नीटनेटका, इंग्रजी नावांचा, आणि तो कोणी वापरत नव्हतं. त्याचा तीन वर्कशॉपमध्ये चालत होता.

पुढे एकदा चहाच्या गाड्यावर तो म्हणाला, "बहिणीचं लग्न हाय. आठ-दहा दिवस नाय मी." मी म्हणालो, "ये आरामात." हे मला स्पष्ट आठवतं. दोन दिवसांनी मी मेलवर प्रस्ताव टाकला, तेही स्पष्ट आठवतं. सगळी नावं इंग्रजीतच असावीत, आणि जे तुकडे तसे नसतील ते बदलेपर्यंत काढून ठेवावेत. मधल्या दोन दिवसांत माझ्या मनात काय होतं, ते आठवत नाही. तो गावी आहे म्हणून मी घाई केली का? की तो गावी आहे हे विसरलो होतो? दोन्ही बाजूंनी शपथ घेता येईल, आणि दोन्ही वेळा मला स्वतःचा भरवसा वाटणार नाही.

आठ दिवस कोणी काही बोललं नाही. नवव्या दिवशी मी ती ओळ लिहिली. त्याचा तुकडा निघाला, तिथे माझा बसला.

पुढच्या रविवारी तो लग्नातली बुंदी घेऊन आला. सरांनी सांगितलं, "तुमचा काही आक्षेप आला नाही, म्हणून मग..." तो म्हणाला, "व्हय सर." बुंदीचा पुडा आधी माझ्यापुढे धरला. नंतर दोन रविवार आला. मग यायचा बंद झाला.

इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, मी त्याच्या खोलीवर गेलो. आता तो स्वतःच वर्कशॉपवाल्यांना प्रोग्रॅम करून देतो.

"तू गावी आहेस हे मला माहीत होतं," मी म्हणालो. "म्हणजे, बहुतेक."

"बहुतेक? भाऊ, कबुली द्यायलास का अंदाज सांगायलास?" तो हसला. "मेल वाचला व्हता मी. तिसऱ्याच दिवशी. हळदीचं सामान आणायला सोयगावात आल्तो, तिथं नेट कॅफे व्हता."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"लिहिलं व्हतं चार ओळी. वाचून बघितल्या तर इंग्रजी लई खराब. खोडून टाकलं."

"मराठीत लिहायचंस."

"गटावर कोण मराठीत लिहायचं? तू लिहायचास?"

नव्हतो लिहीत. मेल इंग्रजीत लिहावा असा प्रस्ताव कोणी कधी मांडला नव्हता. त्यासाठी आठ दिवस कोणी थांबलं नव्हतं. तरी तो नियम सगळ्यांत पक्का होता.

"आन् मला वाटलं, गप हाय म्हंजी कळंलच तुम्हाला. आमच्यात मेंढरू विकायला काढलं आन् माय गप बसली, तर समदे समजतात. नाय म्हणायली. गिऱ्हाईक बी उठून जातं."

"तुझं काम सुटलं, गट सुटला..."

"काम चालूच हाय की. दाखवत नाय कुणाला, येवढंच."

त्याने मेल वाचला होता, म्हणजे माझी लबाडी, असलीच तर, फुकट गेली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्या गुन्ह्याची कबुली द्यायला गेलो तो माझ्या हातून निसटला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्याला काय म्हणतात तेही मला कळेना.

गेल्या रविवारी मी गटावर मराठीतून मेल लिहिला. नावं कोणत्याही भाषेत चालावीत, आणि त्याचा तुकडा परत ठेवावा. सर आता निवृत्त आहेत, त्यांनी 'मान्य' एवढं कळवलं. बाकी शांत. त्याचा पत्ता यादीतून कोणी कधी काढलेला नाही, म्हणजे मेल त्यालाही गेला आहे. आज सातवा दिवस. त्याचं काही आलेलं नाही.

आठ दिवस भरले की आमच्या रीतीने हा होकार धरायचा. त्याच्या आईच्या रीतीने नकार. विचारून यावं म्हणून काल गाडी काढली, आणि स्टेशनच्या पुलापासून परत फिरलो. विचारलं असतं तर तो 'व्हय' म्हणाला असता. ते 'व्हय' मी एकदा ऐकलेलं आहे.