काचेची शेगडी, चुन्याची रेष

करपलेल्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड कधी घासलं आहे का तुम्ही? एक थर निघाला म्हणता म्हणता खाली दुसरा दिसते. किश्श्यायचं तसंच आहे. मनोहरच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर कोणी तरी विचारते, "काय गा बुढ्या, आज काय रांधलं?" मी एक सांगाले बसतो, तर त्याच्याखालून दुसरा निघते. लोक हसतात. हसा लेकहो! तुमच्याही घरी येणार आहे ती काचेची शेगडी, तवा पाहू.

माझी शाळा चौथीतच सुटली. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरच्या धानाच्या बांधीत जिंदगी गेली. लिहिणं माझं काम नाही. पण तोंडी सांगितलं का मनोहर त्याले तिखटमीठ लावते, म्हणून हे माझं मीच लिहून राहिलो.

*

आमची बुढी, म्हणजे माझी बायको तुळसा, गॅससमोर चक्कर येऊन पडली. दूध उतू गेलं, गॅस विझला अन् वास घरभर. मी बांधीतून तेव्हाच वापस आलो, म्हणून दार तरी उघडलं गेलं. नागपूरले नेलं. तिच्या छातीत मशीन बसवली, हृदयाले धक्का देऊन चालवणारी.

पोरगा ईश्वर नागपुरातच कंपनीत आहे. आई दवाखान्यात होती तेवढ्यात त्यानं घरचा गॅस उचलला अन् सासऱ्याच्या घरी नेऊन ठेवला. त्याच्या जागी ही काचेची शेगडी आणली. इंडक्शन म्हणतात.

"बाबा, याच्यात आग नाही, वास नाही, स्फोट नाही. आई एकदम सेफ!"

सुट्टी होताना डॉक्टरनं सांगितलं, "चुलीचा धूर बंद. छातीजवळ चुंबक आणू नका. मोबाईल डाव्या बाजूले नको. अन् ते इंडक्शन असते ना, त्याच्यापासून दोन फूट लांब राहायचं."

मी ईश्वरकडे पाहिलं. ईश्वर मोबाईलकडे पाहून राहिला होता.

"काऊन रे, मंग ते शेगडी कोनासाठी आनली?"

"बाबा, तुमीच शिकून घ्या ना. बटनं तर दाबायची!"

"गॅस वापस आन."

"सासऱ्यायचा स्वयंपाक सुरू झाला त्याच्यावर. आता कसा मागू?"

बुढी खाटेवरून म्हणाली, "यायनं आजवर पान्याचा गिलास हातानं भरून नाई घेतला. मले घरी नेता कायले? इथंच राहू द्या!"

*

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असंन, तर रेष ओढली. रांधायची खोली आमची शेणानं सारवलेली. कोपऱ्यात सपाट पाट ठेवला, त्याच्यावर शेगडी. तिथून हातानं दोन फूट मोजले, वर आणखी चार बोटं धरली अन् चुन्याची पांढरी रेष ओढली.

"याच्या इकडे यायचं नाई. शेगडी चालू असली का बिलकुल नाई."

बुढी रेषेपलीकडे पाय दुमडून बसली. जिनं साऱ्या जिंदगीत मले त्या खोलीत भांड्याले हात लावू दिला नाही, ती आता पाहुणीसारखी बसली!

मनोहर पाहाले आला. रेष पाहिली, मले पाहिलं, पाटासमोर मांडी घालून बसलेला. म्हणते कसा, "वहिनी, तुमची लक्ष्मणरेषा उलटी आहे. रावन आत बसला!"

बुढी हसली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा हसली, तेही माझ्यावर.

*

पहिला चहा. घरातला चहाचा गंज ठेवला, बटन दाबलं. शेगडी ओरडली. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडली. काचेखाली इंग्रजीत काही तरी लाल लाल दिसाले लागलं. मी म्हटलं, नवीच्या नवी बिघडली! सारी बटनं दाबली, शेवटी एक थापड मारली.

ईश्वरले फोन लावला. त्यानं बायकोकडे दिला. कल्पना, आमची सून, चांगली शिकलेली आहे.

"मामाजी, तो गंज जर्मनचा आहे ना? जर्मन, म्हणजे अॅल्युमिनियम, त्याच्यावर गरम नाही होत. चुंबक चिपकते तेच भांडं चालते. बूडही सपाट पाहिजे."

"अन् चुंबक नाई चिपकत ते?"

"ते देऊन टाका ना भंगारात. जुनेच तर आहेत सारे!"

फोन स्पीकरवर होता. बुढीनं रेषेपलीकडून हात लांब केला.

"माझा गंज इकडे द्या."

मी दिला. तिनं तो पदरानं पुसला अन् मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी चहा मनोहरच्या घरून आला, अन् तोही थंड.

*

दुसऱ्या दिवशी मनोहर फुटक्या स्पीकरातलं चुंबक घेऊन आला, सुतळीले बांधून. मांत्रिक लिंबू फिरवते तसं एकेका भांड्यावर फिरवाले लागला. बुढी दारात उभी, पोराचा निकाल लागून राहिला असल्यासारखी.

जर्मनचे गंज, नापास. पाणी भराचा तांब्याचा गुंड, नापास. तिच्या मायनं देलेला पितळेचा गंज, ज्याच्यात आमच्या घरी सणाचा भात शिजते, तोही नापास. स्टीलचे डबे तर पाहून घ्या, चमकतात एवढे, पण चुंबक त्यायले ओळखही दाखवत नाही!

चिपकलं काय, तर पेटीचं कुलूप. माझी कुदळ. अन् लोखंडी कढई, पण तिचं बूड गोल. ती काचेवर ठेवली तर पाळण्यासारखी डुलून राहिली.

"वहिनी, आता उरलं काय?" म्हणत मनोहर सुतळी हातात फिरवत दाराकडे वळला.

मी त्याच्या हातावर असा फटका मारला का चुंबक अंगणात जाऊन पडलं. "बह्याड आहेस का बे! तिच्या छातीत मशीन आहे!"

मनोहरचं तोंड पांढरंफटक.

बुढी मात्र म्हणाली, "एवढ्या भांड्यायपैकी एक नाई चिपकलं. मी चिपकली असती, तर तुमचं काम तरी झालं असतं!"

*

मी गोंदियाले गेलो. बाजारात मोठ्या भांड्याच्या दुकानात. चुंबक खिशात.

दुकानदार म्हणाला, "चाचा, सब चलेगा. स्टील है, स्टील!"

मी चुंबक काढलं अन् एकेका गंजाच्या बुडाले लावून पाहाले लागलो. गिऱ्हाईक पाहून राहिले.

"चाचा, बर्तन लेने आए हो या सोना?"

"माझी बायको उपाशी आहे," मी म्हटलं, "तूच सांग काय घेऊ."

त्यायच्या 'सब चलेगा'मधले किती तरी चिपकले नाहीत. शेवटी एक जाड बुडाचा गंज चिपकला. घेतला, बसमध्ये मांडीवर ठेवून आणला. घरी काचेवर ठेवला, तर बुडाले मधे फुगा! गंज भोवऱ्यासारखा फिरे. मधे पाणी उकळे अन् काठाले थंडच्या थंड.

पुन्हा गोंदिया. पुन्हा तेच दुकान.

"बूड सपाट नाई याचं."

दुकानदारानं गंज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला अन् म्हणाला, "चाचा, आपने चुंबक लगाया था. चपटा कहाँ पूछा था?"

तवापासून मी गंज आधी त्याच्याच काचेच्या काउंटरवर ठेवतो अन् बोटानं टिचकी मारतो. हलला का नको. आता मले पाहिलं का तो काउंटरवर कपडा टाकते.

*

वायरचं ऐका. शेगडीचा पिन मोठा, आमच्या भिंतीतलं भोक लहान. मनोहर म्हणाला, "मी कायले आहो मंग?" पहिल्या चहाच्या आधीच त्यानं टीव्हीच्या बोर्डातून बारीक वायर ओढली, तिले दुसरी जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. सपाट बुडाचा गंज आला, त्याच्यात भात अर्धा शिजला न शिजला, तं वास आला. बोर्ड मेणासारखा गळून राहिला होता.

गावातला वायरमन आला. म्हणाला, "बुढेबाबा, याले जाड वायर, मोठा पिन अन् वेगळा बोर्ड लागते. हे कोनं लावलं?"

मनोहर तिथंच उभा. म्हणते, "मी लावून देलं होतं. पन चालवाले थोडीच सांगतलं होतं!"

*

दिवाळीले ईश्वर आला. मी कसा रांधतो ते पाहून म्हणाला, "बाबा, तुमी भेतच जास्त. सरका, मी शिकवतो."

शिकवलं. "मागं पंखा आहे बरं का. भिंतीले चिकटवाल तर हवा कोंडते अन् शेगडी आपोआप बंद पडते. चमचा, झाकनी काचेवर ठेवाची नाही. आधी भांडं, मंग बटन." हे खरं सांगितलं, खोटं कायले बोलू.

मंग गंज उचलला अन् म्हणाला, "अन् हे पाहा, गॅससारखी ही गरम होतच नाही. गरम होते ते भांडंच!" असं म्हणून सारा पंजा काचेवर ठेवला.

आता उकळता गंज ज्याच्यावर एवढा वेळ बसला, ती काच काय बर्फ राहीन? पोरगा असा ओरडला का गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

बुढी रेषेवर उभी होती. पाय उचलला, अन् तसाच मागे घेतला. शेगडी चालू होती. तिथूनच ओरडली, "थंड पान्यात धर! धरून ठेव!"

ईश्वर शिकवाले आला अन् फोड घेऊन नागपूरले गेला. जाताना म्हणाला, "आईकडे लक्ष द्या."

देतो ना, बापा. दुसरं काम काय आहे मले?

*

आता लाईनचं. आमच्याकडे धानाले पाणी लागाच्या दिवसात लाईन कवाही जाते. सारा गाव शिव्या देते. आमच्या घरी एक बुढी खुश होते!

मधल्या खोलीतला पंखा थांबला का तिले कळते. पंखा थांबला रे थांबला का बुढी उठते, रेष ओलांडते अन् शेगडीजवळ येऊन बसते. मले म्हणते, "सरका तिकडे." झाकण काढते. वास घेते. दाणा बोटानं दाबून पाहते. "हळद किती टाकता, जेवाले बसाचं आहे का लग्नाले?" मीठ आपल्या हातानं टाकते. काच पुसते, माझं सांडलेलं काढते, अन् उगीच बसून राहते.

मंग पंखा फिरते. बुढी उठते अन् रेषेपलीकडे जाते.

मी एकदा ओट्यावर म्हटलं, लाईनवाल्यायले पेढे नेऊन द्यावे वाटते. लोक हसले. त्यायले काय समजणार, कप्पाळ!

*

शेवटचा सांगतो.

सारवलं का चुन्याची रेष पुसल्या जाते. पहिल्यांदा मीच नवी ओढली. मंग बुढी म्हणाली, "तुमची वाकडी येते. मी ओढतो." ओढू देली.

माझ्या ध्यानात नव्हतं आलं. आधी मी भाजीचा पळा तिच्या नाकापुढे धराचो तर हात पुरा लांब कराले लागे, पालथं पडाची पाळी ये. एक दिवस पळा धरला अन् पाहिलं, तर माझा हात कोपरात वाकला होता.

पाट उचलला अन् शेगडी तेवढीच मागं सरकवली.

पुढच्या सारवणाले रेष पुन्हा शेगडीकडे पुढे. मी पुन्हा शेगडी मागं. ती बोलत नाही, मी बोलत नाही. असं करता करता पाट भिंतीले टेकला. त्या दिवशी लाखोरीची डाळ लावली होती. शेगडी घुं घुं करून राहिली, ओरडली अन् बंद पडली. पंखा कोंडला. वीतभर पुढे ओढली, तवा चालू झाली.

आता मागं भिंत अन् पुढे बुढी. गुडघे बरोबर रेषेवर टेकून बसली होती.

"रेष सरकली," मी म्हटलं.

"रेष कुठं सरकते? शेगडीच सरकून राहिली."

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीठ टाकलं का?"

डाळ शिजून राहिली होती. मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं. मंग बोर्डाकडे हात नेला अन् खटका बंद केला. काचेखालचा लाल आकडा विझला.

"लाईन गेली," मी म्हटलं.

मधल्या खोलीत पंखा गरगर फिरून राहिला होता. बुढीनं पंख्याकडे पाहिलं. मंग माझ्याकडे पाहिलं.

"आता लवकर नाई येत ते," बुढी म्हणाली, अन् रेष ओलांडून गंजाजवळ येऊन बसली.