चार बोटांची कोळीण

थळच्या ठमीबाईंनी चाळीस वर्षे मासळी विकली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्या चिनी मातीकडे वळल्या आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या, चार बोटे उंचीच्या कोळणी घडवू लागल्या. कला त्यांना उत्तरायुष्यात प्रसन्न झाली. विनय मात्र तिच्यासोबत आला नाही.

अलिबागच्या एका कलामंडळाच्या प्रदर्शनात आपली कोळीण मांडली जावी, एवढी एकच आकांक्षा त्यांनी धरली होती. निवड छायाचित्रावरून होई. गतवर्षी मंडळाने ‘वस्तू ओळखता येत नाही’ असे कळवले. मोबाइलच्या फ्लॅशने त्या गुळगुळीत मातीवर असा लखलखाट केला होता, की कोळणीच्या जागी सोललेले उकडलेले अंडे दिसावे.

यंदा ठमीबाईंनी आपली विद्या पणाला लावली. शिळे पापलेट ताजे दिसावे म्हणून जे करत, तेच केले: मूर्तीवर पाणी शिंपडले. चकाकी द्विगुणित झाली.

“ठमे, तिला न्हाऊ घालतेस का गिऱ्हाइकाला फशिवतेस?” त्यांचे पती मोरू म्हणाले.

“चालीस वर्षं फशिवलं. एकाला तरी कललं का? धोतर सोडा.”

“आता?”

“उजेड लय टोचतोय. खिडकीला पडदा पायजे.”

कलेच्या इतिहासात वस्त्रत्यागाचे प्रसंग पुष्कळ आहेत. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला हा बहुधा पहिलाच. धोतरातून गाळलेला प्रकाश मऊ झाला. मासळीची थर्माकोलची पेटी आडवी करून तिच्या पांढऱ्या पोटात मूर्ती उभी केली. फ्लॅश बंद झाला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून थेट कोळणीच्या डोळ्यांसमोर आणला गेला. आता पदराची चुणी न चुणी दिसू लागली. टोपलीतल्या कोलंबीच्या मिशाही मोजता आल्या असत्या.

निवड झाली. मात्र आकार कोणी विचारला नव्हता, आणि छायाचित्रात ती कोळीण पुरुषभर उंच वाटत होती. मंडळाने दालनाच्या मध्यभागी प्रशस्त चौथरा बांधला आणि पुतळा उतरवण्यासाठी चार हमाल बोलावले.

“मावशी, टेम्पो कुठे आहे?” अध्यक्षांनी विचारले.

ठमीबाईंनी कमरेची पिशवी सोडून कोळीण काढली. अध्यक्ष पांढरे पडले.

“ही? ही इथे कशी शोभेल? ती कोपऱ्यातल्या कपाटात ठेवू.”

“फोटो बघून बोलावलंत ना? मंग हितंच बसंल ती.”

त्यांनी ती चौथऱ्याच्या बरोबर मध्ये ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. उद्घाटनाला आलेले प्रतिष्ठित एकामागून एक कमरेत वाकू लागले, कारण वाकल्यावाचून काही दिसत नव्हते. सर्वांत शेवटी अध्यक्ष वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.