राखाडी टोपीवर अठ्ठावन्न

डोरीन होलूब बोलायला लागली की आपल्या हातातला वाडगा रिकामा ठेवायची सोय नसते. बोलता बोलता ती तो परत भरते. निम्मं हॅव्हलिन गाव तिच्या हातचं खाऊन पोसलंय म्हटलं तरी चालेल. बाईनं उभा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्त झाली तेव्हा तीच खटारा बस भंगारातून सोडवून आणली, हिरवी रंगवली, बाकं उपटून आत शेगडी बसवली आणि कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियमबाहेरच्या पार्किंगात, पाण्याच्या टाकीखाली, उभी केली. घरचा सामना असला की तिथं मोठ्या पातेल्यात चिली रटरटते. खिमा आणि राजमा घातलेलं दाट कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड पाव. बाहेरची माणसं नाक मुरडतात, तिखटाबरोबर गोड कसलं खाता म्हणून. आधी खाऊन बघा म्हणावं, मग तोंड उघडा.

तिचा नवरा एमिल गेला तेव्हा पोटी मूलबाळ नव्हतं. पण सामन्याआधी पार्किंगात गाड्या लावून शेजारी-शेजारी खातपीत बसणाऱ्या लोकांनी तिला एकटं पडू दिलं नाही. वेंडेल क्राटोचव्हिल विमा विकतो आणि त्याच दमात शिव्याही देतो, पण हिवाळाभर तिच्या दारातला बर्फ तोच उपसतो. त्याची बायको मार्लिस डोरीनच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात बसून राहिली. आमच्याकडं सख्खी नाती कामधंद्यापायी देशभर पांगलेली असतात. सामन्याच्या शनिवारी ज्याच्या शेजारी गाडी लावता तोच गोतावळा. डोरीनकडं दुसरं काही नव्हतं.

आणखी एक रीत आहे. लांबून खेळायला आलेल्या पोरांना पार्किंगातली कुटुंबं वाटून घेतात. ज्या घराच्या वाट्याला पोरगा येईल, त्या घरी त्याचं रविवारचं जेवण. नियमात बसतं की नाही ते कॉलेजनं कधी विचारलं नाही, आम्हीही कधी सांगितलं नाही. डोरीनच्या वाट्याला आला जमारी फॉन्टेनो. लुइझियानाचा पोरगा, धिप्पाड, दारातून आत यायचं तर मान तिरकी करावी लागे. पाठीवर नंबर अठ्ठावन्न. तिकडच्या रीतीनं वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी तो 'मिस' लावायचा. पहिल्याच रविवारी त्यानं दोन घास खाल्ले आणि खिशातून तिखट सॉसची बाटली काढली.

"मिस डोरीन, घरात कुणी आजारी आहे का?"

"का रे?"

"नाही, जेवण पथ्याचं लागतंय."

"अरे मेल्या! जेवायला आलास की परीक्षा घ्यायला?"

"माझी आई म्हणते, खोटं बोलून जेवू नये."

डोरीन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. तेव्हापासून तीन वर्षं तो आला. नाताळात घरी जाता आलं नाही तेव्हा त्यानं डोरीनच्याच फोनवरून आईला फोन लावून दिला, आणि दोघी बायका अर्धा तास त्याच्या खाण्यावर बोलल्या.

मग गेल्या जूनमधला तो एक रविवार. जमारीनं ताटाला हात लावला नाही, नुसता पाण्याचा जग संपवला. डोरीननं विचारलं तेव्हा म्हणाला, "कुणी सरावाला उशिरा आलं की कोच पाणी बंद करतात. सगळ्यांचंच. मग स्टेडियमच्या पायऱ्या, खालून वर, वरून खाली. परवा दोघं ओकले. नेहमीचंच आहे हे." आणि लगेच म्हणाला, "कुणाला सांगू नका हं. खेळवणार नाहीत, बाकावर बसवतील मला."

"सोस थोडं, बाळा," डोरीन म्हणाली. "कोच माणसं घडवतात. यंदा तू पुढच्या फळीत आहेस, विसरू नकोस."

"हो, मॅडम," जमारी म्हणाला.

जुलैत तो त्याच पायऱ्यांवर कोसळला आणि गेला.

कॉलेजनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की पोराला जन्मापासून हृदयाचा दोष होता, कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. गाव रडलं, आणि खरंखुरं रडलं. दुकानांच्या काचांवर अठ्ठावन्न, स्टेडियमच्या फाटकाशी फुलांचा ढीग. शोकसभेत कोच लाइल स्ट्राउड बोलता बोलता थांबले, त्यांना हुंदका आला, आणि पहिल्या रांगेतली डोरीन उठून त्यांचा हात धरून उभी राहिली. त्या माणसानं आम्हाला मातीतून वर काढलं होतं. आधी वर्षानुवर्षं आम्ही हरत होतो, शेजारचं राज्य आमची टिंगल करायचं. हे ज्यानं भोगलंय त्यालाच कोच आम्हाला कोण वाटायचे ते कळेल.

ऑगस्ट संपता संपता शहरातल्या वर्तमानपत्रानं बातमी फोडली. संघातल्या दोन पोरांनी तोंड उघडलं होतं. पाणी बंद होतं. पोरगा पडल्यावर पाऊण तास रुग्णवाहिका बोलावली नाही, कारण कोचना विचारल्याशिवाय बोलवायची कुणाची छाती झाली नाही. आणि डॉक्टरांच्या अहवालात हृदयाच्या दोषाचं नावही नव्हतं. कॉलेजनं आपलं पत्रक अहवाल यायच्या आधीच काढलं होतं. विश्वस्तांनी कोचना घरी बसवलं आणि हंगामातल्या पहिल्या सामन्यानंतरच्या बुधवारी जाहीर सुनावणी ठेवली. कोचचं म्हणणं एकच: पाणी त्या एका दिवशी बंद झालं, तेही सहायकाच्या चुकीनं. असला प्रकार आपल्याकडं त्याआधी कधीही झाला नव्हता.

गाव पेटलं. कोचवर नाही, वर्तमानपत्रावर.

"पाणी नाही दिलं, पाणी नाही दिलं!" वेंडेल डोरीनच्या बसच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. "आम्ही मक्याच्या शेतात राबायचो तेव्हा कोण बाटल्या घेऊन मागं फिरत होतं?"

"तुम्ही राबायचा?" मार्लिस म्हणाली. "तुमची आई तर सांगायची, झाडाखाली झोपायचे म्हणून."

"तू गप गं! आणि ती दोन पोरं कोण? ज्यांना मैदानात उतरवत नाहीत ती. द्राक्षं आंबट, दुसरं काय!"

आणि मग आम्ही तो शहाणपणा केला, जो फक्त आमच्याच गावाला सुचू शकतो. कल्पना डोरीनची. कोच बारा महिने राखाडी फेल्टची टोपी घालतात, तर पहिल्या सामन्याला सगळ्यांनी तसलीच टोपी घालून यायचं, आणि टोपीवर पुढं हिरव्या कापडाचा अठ्ठावन्न शिवायचा. "कोचही आपले, पोरगाही आपला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, कपट काही नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात बायकांनी शिवायला बसून पार ढीग लावला, आणि टोप्या हातोहात गेल्या.

सुनावणीत चाहत्यांतर्फे बोलायलाही तिलाच निवडलं. "तुझ्याइतकं त्या पोराला कुणी खाऊ घातलंय?" वेंडेल म्हणाला. "तू एकदा कोच निर्दोष म्हणालीस की विश्वस्तांची बोलती बंद!" डोरीन बरं म्हणाली. तो जूनमधला रविवार आठवला की ती कांदा जरा जास्तच जोरात चिरायची, एवढंच.

पहिल्या सामन्याला कॉलेजनं जमारीच्या आईला बोलावलं होतं. दोन मिनिटं शांतता पाळायची, बाई मैदानात उभी राहील, असा बेत. पण ती स्टेडियमच्या आत जाण्याआधी पार्किंगात आली. काळा पोशाख, उंच, लेकासारखीच खांद्यांनी रुंद. शेकडो राखाडी टोप्यांमधून ती एकटी चालत आली, आणि जिथून ती गेली तिथलं बोलणं थांबत गेलं. मार्लिसनं टोपी काढून पाठीमागं धरली. डोरीनला ते सुचलंच नाही.

"मिस डोरीन ना? मी इव्हेट. फोनवर बोललोय आपण."

"या, या हो... बसा." डोरीननं वाडगा भरला. घाबरली की ती वाढायला घेते.

इव्हेटनं चव घेतली. "तो म्हणायचा, मिळमिळीत पण मायेचं," ती म्हणाली. दोघी हसल्या, आणि डोरीनचे डोळे वाहायला लागले. मग इव्हेटची नजर वर गेली. "ही टोपी त्या माणसाची ना?"

"हो... म्हणजे नंबर जमारीचा आहे. मानानं लावलाय आम्ही."

"माझ्या लेकाचा नंबर, त्या माणसाच्या टोपीवर."

वेंडेल हातातला चमचा उगाच पुसत होता.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, दिसतंय मला," इव्हेट म्हणाली. "एक विचारते. ते म्हणतात असं आधी कधी झालं नव्हतं. मला तो काही सांगायचा नाही, मी काळजी करीन म्हणून. रविवारी तुमच्याकडं असायचा. कधी काही बोलला का?"

डोरीननं वेंडेलकडं पाहिलं, मार्लिसकडं पाहिलं, बसच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडं पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "जेवायचा, थट्टा करायचा, जायचा."

इव्हेटनं मान हलवली, अर्धा वाडगा खाली ठेवला आणि आभार मानून गेली. त्या दिवशी आम्ही सामना जिंकलो. आत आरोळ्या उठत होत्या आणि डोरीन बाहेर धुतलेलीच पातेली परत धूत होती. लाज वाटत होती तिला, दुसरं काय. ज्या पोराला खोटं बोलून जेवणं जमत नव्हतं, त्याच्या आईला ती जेवू घालून खोटं बोलली होती.

मंगळवारी तिनं वेंडेलला घरी बोलावून सगळं सांगितलं. तो उठून दार लावून आला.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग मीही ऐकलं नाही. डोरीन, पोरगा परत येणार आहे का? कोच गेले की हंगाम गेला, हंगाम गेला की पुढची दहा वर्षं गेली. आणि लोक तुला उभं करतील का दारात?"

"नाही करणार. ठाऊक आहे मला."

"मग हिवाळ्यात बर्फ कोण काढील तुझा?" वेंडेल म्हणाला. धमकी होती की काकुळती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. टोपी उचलून तो निघून गेला.

बुधवारी सभागृह राखाडी टोप्यांनी भरलं होतं, इव्हेट एका कडेला बसली होती. डोरीनचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या पडल्या. ती बोडक्या डोक्यानं माइकपाशी गेली. आवाज बसमधल्या पोरांना दटावायचा तोच निघाला.

"जूनमध्ये जमारी माझ्या टेबलाशी बसून म्हणाला की कुणी उशिरा आलं की कोच पाणी बंद करतात आणि पायऱ्या चढायला लावतात. नेहमीचंच आहे म्हणाला. एकदाच झालं, हे खोटं आहे. मी त्याला म्हणाले, सोस. आणि शनिवारी त्याच्या आईनं मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, तेही खोटं होतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेय म्हातारी!" गंमत बघा, खात आला होता तो ओरडणाराच, आणि तेही तिच्या घरचं. मार्लिस उठून बाहेर गेली. कोच खाली बघत राहिले, मान वर केली नाही.

पुढं काय झालं ते पेपरात आलंच. कोचना काढलं. कॉलेजचे क्रीडाप्रमुख 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' आपणहून गेले. हृदयाच्या दोषाचं पत्रक कुणी लिहिलं ते अजूनही कुणाला आठवत नाही. डोरीनच्या बसशेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या पडल्या, आणि वेंडेल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गाडी लावायला लागला.

पण त्या बुधवारी हे सगळं पुढं होतं. सुनावणी संपली तेव्हा डोरीन बाहेरच्या ओसरीवर इव्हेटची वाट बघत उभी राहिली. तिला माफी मागायची होती. खरं सांगायचं तर थोडी शाबासकीही हवी होती. एवढं सगळं गमावून बोलली होती, माणसाचं मन आहे. इव्हेट आली आणि तिच्यासमोर थांबली.

"शनिवारी नाही म्हणालात ते सोडून देते," ती म्हणाली. "शनिवारी तो गेलेलाच होता. पण जूनमध्ये माझा नंबर तुमच्याकडं होता, मिस डोरीन. मी गाडी काढून आले असते. रात्रंदिवस चालवत आले असते, आणि त्याला कान धरून घरी नेलं असतं. शिव्या देत आला असता, पण आला असता. तुम्ही एक फोन का नाही केलात?"

डोरीनला पुष्कळ उत्तरं सुचली. सांगू नका, असं तोच म्हणाला होता. सगळेच कोच असे असतात, एमिल खेळायचा तेव्हाचे तर याहून कडक होते. इतकं होईल असं वाटलं नव्हतं. सगळी तोंडाशी आली, आणि एकही खरं नव्हतं.

"तुम्ही त्याला घेऊन गेला असता," ती म्हणाली. "आणि यंदा आम्ही जिंकणार होतो."

इव्हेटनं तिच्याकडं पाहिलं. ना रागावली, ना रडली.

"जुलैपासून सगळ्यांना विचारतेय," ती म्हणाली. "पहिलं खरं उत्तर तुमचं."

मग ती पायऱ्या उतरून गाडीकडं गेली, आणि डोरीननं तिला हाक मारली नाही.