वहिनीचं दोन वर्षांचं टाइमटेबल

आमची वहिनी बस डेपोत ड्युटी लावते. कोणत्या फेरीवर कोणता ड्रायव्हर जाणार हे ती ठरवते, आणि भले दांडगे ड्रायव्हर तिच्या टेबलापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात. घरात मात्र तिला कुणी काही सांगितलं की ती "बरं" म्हणते. ही एकच बाई आहे की दोन, हे मला अजून कळलेलं नाही.

या बाईने चाळिशीत ऑपरेशन्स रिसर्चच्या मास्टर्सला प्रवेश मिळवला. म्हणजे हाताशी असलेली माणसं, गाड्या आणि वेळ यांत जास्तीत जास्त काम कसं बसवायचं, त्याचं शास्त्र. दादा म्हणाला, "ते तर तू रोजच करतेस, मग डिग्री कशाला?"

"तूही रोजच जेवतोस," मी म्हटलं, "मग तुला स्वयंपाक का येत नाही?"

त्यावर तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्याचा धंदा, पण तो फक्त कामावर.

प्रवेश मिळाला खरा, पण मार्गदर्शक बाईंनी अट घातली होती. कोणते विषय कोणत्या सत्रात घेणार, याचा दोन वर्षांचा आराखडा सोमवारी सकाळी द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणून रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून वहिनीने लॅपटॉप उघडला आणि मदतीला मला बसवलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझी काय डोंबलाची मदत होणार?

रांगांचं गणित हा विषय घ्यायचा तर आधी संभाव्यता हवी. संभाव्यता फक्त पहिल्या सत्रात, संध्याकाळी. सिम्युलेशन एक वर्षाआड शिकवतात, ते नेमकं यंदा, आणि त्याला आधी प्रोग्रॅमिंग लागतं. प्रोग्रॅमिंगचा एक वर्ग संभाव्यतेच्याच वेळेला, दुसरा भल्या सकाळी, म्हणजे घरात डबे भरायच्या वेळी.

"अगं, मग आधी घ्यायचं काय?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," वहिनी म्हणाली.

खाडाखोड करून आम्ही दोघी इतक्या गोंधळलो की मी संभाव्यतेच्या आधी सिम्युलेशन आणि दोन्हीच्या आधी चहा, असा क्रम सुचवला. चहा तेवढा जमला. तोही तिनेच केला.

शेवटी तिने डेपोची पद्धत वापरायची ठरवली. तिथे कॉम्प्युटरमध्ये एका बाजूला फेऱ्या भरतात, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर, आणि तो जोड्या लावून देतो. तिने फेऱ्यांच्या जागी आठवड्याची सगळी कामं भरली: डेपो, तास, अभ्यास, स्वयंपाक, डबे, आईच्या गुडघ्याचे व्यायाम, लेकीला पोहायला नेणं-आणणं. ड्रायव्हरच्या जागी स्वतःचं नाव. डेपोतला एक नियमही सवयीने तसाच राहू दिला. एक फेरी संपल्यावर विश्रांती दिल्याशिवाय कुणाच्या हातात पुन्हा स्टिअरिंग द्यायचं नाही.

बटण दाबलं. उत्तर आलं, जमत नाही.

तिने सिम्युलेशन काढलं. जमत नाही. रांगांचं गणित काढलं. जमत नाही. एकेक करत सगळे विषय काढले, अभ्यास काढला, मास्टर्सचं नावनिशाण उरलं नाही. तरी उत्तर तेच.

वहिनीचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकतंय. एवढंसं गणित मांडता येत नाही आणि निघाले शिकायला! उद्या सांगून टाकते, जागा देऊन टाका." मला फार वाईट वाटलं, आणि करायचं काय हे सुचत नव्हतं म्हणून रागही आला.

दादा उठून आला. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हा विश्रांतीचा नियम कशाला? काढ तो."

तिने काढला. लगेच उत्तर आलं, जमतं.

"बघ!" दादा खूश झाला. "काही चुकलेलं नाही तुझं."

वहिनी पडद्याकडे पाहत राहिली. "डेपोत असा चार्ट लावला तर मला कामावरून काढतील."

आई खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिला काहीच उमगलं नव्हतं. "पण यात शिक्षण कुठाय?"

"शिक्षण नाहीच, आई. हे आत्ताचं आहे."

"मग इतकी वर्षं कसं चाललंय?"

"मलाही कळत नाहीये," वहिनी म्हणाली, आणि तिला खरोखरच कळत नव्हतं.

माझं डोकं तडकलं. "वहिनी, तो नियम परत घाल. सगळे विषय घाल. आणि दादाचं नाव घाल, माझंही घाल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्या नावाखाली!"

ती गोंधळून आमच्याकडे बघत म्हणाली, "पण तुम्ही तर कामांच्या बाजूला आहात ना?"

दादाने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "मी दुपारीच घरी येतो. पोहणं आणि रात्रीचा स्वयंपाक मला लाव. शिकेन." माझं दुकान उशिरा उघडतं, सकाळचे डबे मी घेतले. आई म्हणाली, गुडघा माझा आहे, व्यायाम माझे मी करीन.

वहिनीने तिघांची नावं घातली आणि बटण दाबलं. पडदा क्षणभरही थांबला नाही. सकाळचं प्रोग्रॅमिंग, संध्याकाळची संभाव्यता, सिम्युलेशन, रांगा, सगळं आपापल्या जागी बसलं, मधल्या विश्रांतीसकट.

"इतकं सोपं होतं?" ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

आई पार गोंधळली. "अगं, आता का रडतेस? जमलं ना?"

"जमलं म्हणूनच, आई."