पाण्याकडं तोंड केलेल्या चपला

आधी एक कबुली. मी हे सदर वाचतो ते करमणुकीसाठी. इथले वाचकांचे गूढ अनुभव बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि जेवण उरकेपर्यंत प्रत्येकाचं शास्त्रीय कारण सांगून टाकायचं, हा माझा जुना छंद. तीस वर्षं पूर्णेच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. आजोबांनी छप्पन साली घरातले देव काढले, तेव्हा भुतंही त्यांच्या मागोमाग गेली असं आमच्या घरात मानतात. निवृत्तीनंतर मी गावोगावी अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो. व्याख्यान संपलं की आयोजक नारळ हातात देतात. तो मी मुकाट्यानं घेतो, चटणीला चालतो.

तर अशा माणसाला हे लिहावं लागतंय...

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी मुलगी सुजाता पुण्यात नोकरीला आहे. चार दिवसांच्या सुट्टीत तिला कॅम्पिंग करायचं होतं आणि तेही ‘आपल्या जिल्ह्यात’. परभणी जिल्ह्यात डोंगर आहेत हे तिच्या ऑफिसातल्या कुणालाच पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं पटत नव्हतं. पण जिंतूरच्या पुढं जमीन वरखाली व्हायला लागते आणि येलदरी धरणाचं पाणी त्या टेकड्यांच्या बेचक्यांत लांबवर शिरलेलं आहे. रस्त्यावर पर्यटन स्थळाचा फलक लागला. त्यावर मान्यवरांचे फोटो होते, हार घातलेले, हात जोडलेले. तलावाचा फोटो नव्हता, बहुतेक जागा उरली नसावी.

आम्ही दोघांनी पाण्याच्या एका आतल्या फाट्यावर तंबू ठोकला. मागं टेकडी, समोर पाणी. डावीकडं पाणी टेकडीला वळसा घालून मोठ्या जलाशयाला मिळतं, पण वळणापलीकडचं काठावरून काही दिसत नाही. मोबाईलला रेंज नाही. वस्ती टेकडीच्या मागं. तिथले मासेमारी करणारे लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. तराफ्याला ते चप्पू म्हणतात. त्यातला एक म्हातारा नागोराव आणि त्याची बायको कोंडाबाई, एवढ्याच दोघांशी आमची ओळख झाली. पहिल्या संध्याकाळी सुजातानं गळ टाकून दोन तास काढले आणि एक चप्पल धरली. नागोरावनं हसत हसत दोन रोहू दिले, तेव्हा चूल पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजातानं तिची ऑनलाइन मागवलेली फुगवायची होडी काढली. मी पंप मारत होतो. कोंडाबाई बाजाराला निघाली होती, डोक्यावर टोपलं. जाता जाता थांबली.

“पोरी, पान्यात जायलीस का?”

“हो मावशी. दुपारनंतर जाईन.”

“मग चपला त्या खडकावर ठिव. तोंड पान्याकडं. अन् आलीस की फिरव.”

काठाला एक सपाट काळा खडक होता. मी विचारलं, “का हो, पाण्याकडंच का?”

“तसंच असतंय इथं, सर. सगळेच ठिवतेत,” असं म्हणून ती गेली.

मी सुजाताकडं बघितलं. तिनं लगेच बोट उचललं. “पप्पा, लेक्चर नको हं.”

लेक्चर दिलं नाही, पण मनातल्या मनात टिपून ठेवलं. पुढच्या व्याख्यानाला ताजं उदाहरण मिळालं होतं.

तीनच्या सुमाराला ती निघाली. सँडल खडकावर, तोंड पाण्याकडं — मावशीचा मान राखला तिनं. लाइफ जॅकेट मात्र अंगात नाही, होडीच्या मागं बांधलेलं, कारण ‘गरम होतंय’. मी ओरडलो. तिनं वल्हं हलवून टाटा केला आणि वळणाआड गेली.

मी खडकापाशी आलो. घरी या पोरीच्या चपला चार दिशांना पडतात आणि त्या मी सरळ लावतो, बाहेर पडताना पाय थेट सरकवता यावेत अशा. इथंही तेच केलं. दोन्ही सँडल फिरवल्या, टाचा पाण्याकडं, तोंडं वाटेकडं. प्रामाणिकपणे सांगायचं तर यात निम्मी सवय होती आणि निम्मी खोड. कुणी सांगितलं म्हणून चपलांनी पाण्याकडं बघत बसावं, हे मला पटलं नव्हतं. वाऱ्यानं किंवा कुत्र्यानं नेऊ नयेत म्हणून दोन्हींवर मिळून एक चपटा दगड ठेवला आणि फोटो काढला. रात्री तिला चिडवायला.

मग टेकडी चढायला लागलो. वर रेंज मिळते असं नागोराव म्हणाला होता आणि बायकोला खुशाली कळवायची होती. चढायला पाऊण तास लागला. बाभळी, कुसळी गवत, माझे गुडघे.

वर पोचलो आणि वारा सुटला. असा वारा त्या दिवसांत मी तरी बघितला नव्हता. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली, आणि खाली जलाशयाचा रंग निळ्याचा राखाडी झाला, त्यावर पांढरे फेस. वळणापलीकडचं सगळं पाणी तिथून दिसत होतं. मी डावीकडून उजवीकडं बघितलं, मग उजवीकडून डावीकडं. सुजाताची होडी केशरी होती. केशरी काहीही दिसत नव्हतं.

रेंज आली नाही.

मी उतरलो कसा ते आठवत नाही. दोनदा पडलो. तोंडानं तिचं नाव घेत होतो, तेवढं आठवतं. खाली आलो तर काठावर चिटपाखरू नाही. नागोरावचा चप्पू नेहमीच्या खुंटाला नव्हता. खडकापाशी गेलो आणि थांबलो.

सुजाताच्या सँडलची तोंडं पाण्याकडं होती.

दगड वर तसाच, दोन्हींवर मिळून. शेजारी नागोरावच्या झिजलेल्या टायरच्या चपला, त्यांचीही तोंडं पाण्याकडं.

त्या क्षणी मला यात काही विचित्र वाटलं नाही. विचार करायला डोकंच नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी वळणाकडं बघत राहिलो. किती वेळ? घड्याळ चाळीस मिनिटं म्हणत होतं. मग वळणावर चप्पू दिसला. मी डोकी मोजली. एक... वल्हं मारणारं. मग लाट खाली गेली आणि दुसरं दिसलं.

सुजाता थरथरत होती, हात-पाय ओरबाडलेले, पण बोलत होती. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या बाभळी आत अजून उभ्या आहेत. वाऱ्यानं होडी त्यांच्यावर नेली, काट्यानं फाटली. जॅकेट होडीबरोबर वाहत गेलं. एका बुंध्याला मिठी मारून ती तासभर पाण्यात होती.

नागोरावनं चप्पू ओढून काठावर घेतला आणि मला झापलंच. “सर, पोरीला एकली सोडून कुटं गेल्ता? आनखी अर्धा तास गेला असता तर हात सुटले असते तिचे.”

“तुम्हाला कळलं कसं?” मी विचारलं.

“कळतंय की. वारं सुटलं म्हणून मी जाळं गोळा करून आलो. चप्पू बांधला, घराकडं निघालोच होतो. खडकावर बघितलं तर चपला पान्याकडं. म्हंजी मानूस आत हाय.” सुजाताच्या खांद्यावर त्यानं आपलं घोंगडं टाकलं. “इथं फोन लागत न्हाई, सर. आमचा हजेरीपट त्योच. चपला फिरलेल्या दिसल्या असत्या तर मी जेवायला गेलो असतो.”

मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे. आणि समोरचा हजेरीपट मला अंधश्रद्धा वाटला होता. खोटी हजेरी लावणारा मीच.

थोड्या वेळानं मी शक्य तितक्या सहज विचारलं, “काठावर आणखी कुणी आलं होतं का हो?”

“कोन येतंय? बाकीचे समदे सकाळीच जाळी काढून गेले. कोंडाबाई बाजारात हाय. कुत्रंबी न्हाई.”

“चपलांवरचा दगड...”

“तुमी ठिवला व्हय? बेस केलं. वाऱ्यानं गेल्या असत्या.”

“तुम्ही हात लावला होता का त्यांना?”

नागोरावनं माझ्याकडं असं बघितलं, जणू बुडता बुडता मीच वाचलोय. “मी कशाला लावू? दुसऱ्याच्या चपलीला कुनी हात लावत न्हाई इथं.”

त्यानंतर मी माझा छंद स्वतःवर करून बघितला. माझ्या आठवणीत गडबड? फोटो मोबाईलमध्ये आहे: टाचा पाण्याकडं, दगड वर, वेळ तीन वाजून बारा मिनिटं. वारा? दोन सँडल अर्ध्या फिरवून, वरचा दगड उचलून पुन्हा त्याच जागी ठेवणारा वारा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडला नाही. सुजाता मधे परत आली? नाही, तेव्हा ती बुंध्याला होती. नागोराव खोटं बोलतोय? महिन्याभरानं मी मुद्दाम पुन्हा गेलो आणि विचारलं. तो म्हणाला, “सर, तुमी लय इचार करता.” राहता राहिला वाटेनं जाणारा कुणी अनोळखी माणूस, पण तो आला कुठून, गेला कुठं, आणि नेमका त्याच वेळी त्याला चपला फिरवायचं सुचलं कसं? या गृहस्थाला गृहीत धरायचं तर तो भुतापेक्षा फारसा स्वस्त पडत नाही.

माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. ‘अज्ञात शक्ती’ वगैरेही मी म्हणणार नाही. नाही म्हणजे नाही.

पण लिहायला बसलो ते त्यासाठी नव्हे. घरी आल्यावर सुजातानं ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगितली. तिच्या सांगण्यात एक वाक्य दर वेळी येतं: “पप्पा एवढे नास्तिक, पण मावशीचा शब्द त्यांनी पाळला, चपला तशाच राहू दिल्या. वर दगडसुद्धा ठेवला. म्हणून मी वाचले.” मग सगळे माझ्याकडं कौतुकानं बघतात. मागच्या महिन्यात तिच्या मामानं यावरून माझ्या गळ्यात शाल घातली. मी घालून घेतली. इतरांच्या सत्कारांवर आयुष्यभर हसलेल्या माणसानं ती खांद्यावर नीट सारखीही केली.

सुजाता हे सदर वाचते. ती घरी येईल तेव्हा फोटो दाखवीनच, पण समोर बसून बोलायला मला जमलेलं नाही, म्हणून आधी इथं.

बेटा, चपला मी फिरवल्या होत्या. तू आत असताना. परत कुणी फिरवल्या ते मला माहीत नाही.