फ्रेम कापण्याआधी

मिलिंदराव साळवे यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन. उस्मानपुऱ्यातील त्यांच्या गॅरेजमध्ये माझ्या मोटारसायकलला बसवलेले हँडल वळवताना टाकीला घासत होते. "गाडी कुणाची?" असे त्यांनी विचारले नाही. "एकीकडं घासतंय का दोन्हीकडं?" एवढेच विचारले. मला हा माणूस पटला. मी वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करते. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गॅरेजमध्ये असते.

जुन्या मोटारसायकलचे हँडल खाली आणायचे, मागची फ्रेम कापायची, सीट एकट्यापुरती ठेवायची, की झाली कॅफे रेसर. शहरातल्या अशा बहुतेक गाड्या मिलिंदरावांच्या हातून गेल्या आहेत. कौतुक त्यांना आवडते. चूक दाखवलेलीही चालते. एकदा रंग होऊन तयार झालेल्या गाडीच्या जोडावर मी बारीक भेग दाखवली. मालक गाडी न्यायला आलेला होता. "इंजिनिअर बाई, तुमची नजर लई वाईट," असे म्हणत त्यांनी ग्राइंडर उचलला आणि त्याच्यादेखतच जोड कापला.

फ्रेम कापण्याआधी त्या गाडीवर बसणाऱ्या घरच्यांना ते बोलावून घेतात. पाचोडच्या गणेशने दिवंगत वडिलांची गाडी आणली, तेव्हाही त्यांनी विचारले, "मागं कोण बसतं?"

"आई."

"मग तिला आण."

"काका, गाडी माझ्या नावावर हाय."

"असंल. पण एकदा कापली की तुझ्या बापाची गाडी परत व्हायची नाय."

सुमनबाई आल्या. त्यांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कापा. ह्याच्या बापाला अशीच पायजे होती. मी मागं बसायची, म्हणून त्यांनी हौस मारली." मग गणेशकडे वळल्या. "पण मी एसटीनं जाणार नाय, आधीच सांगते!"

मिलिंदराव मोठ्याने हसले आणि माझ्याकडे वळले. "बाई, काढा आता ड्रॉइंग."

आम्ही मागचा भाग बोल्टने जोडता-काढता येईल असा केला, आणि तसे दोन बनवले: एक आखूड, गणेशसाठी, एक लांब, दोघांसाठी. जोड त्यांचा, तपासणी माझी. त्यांचा पहिला जोड मी नाकारला. दुसरा त्यांनी स्वतःच नाकारला. तिसरा दोघांनाही पटला, तेव्हा ते स्वतः मागे बसले आणि गणेशला सगळ्यात खराब रस्त्याने गाडी न्यायला लावली. मिलिंदराव वजनदार गृहस्थ आहेत, हे मी आदराने लिहिते. परत आल्यावर त्यांनी जोडावरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मगच म्हणाले, "वहिनी, बसा."

सुमनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "जरा जोरात घे रे," त्या मुलाला म्हणाल्या, "त्यांनी कधी घेतली नाय."

मिलिंदरावांनी नुकतीच साठी पूर्ण केली, म्हणून हे लिहिले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. खाली वाकलेल्या हँडलला त्यांची कंबर कधी नकार न देवो, आणि आम्ही गॅरेजची मंडळी गाड्या घेऊन जातो त्या फर्दापूरच्या रस्त्यावर पंचाहत्तरीतही त्यांनी आम्हा सगळ्यांना मागे टाकावे.