उताराच्या चार काठ्या

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. सख्ख्या भावाला नाही. काशीला जाऊन आलो, गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो, आणि तिथंही हे मनात आणलं नाही. दुसरीच काही पापं आठवली — लहानसहान, सांगण्यासारखी. हे मागंच ठेवलं. आज तुमच्यापुढं मांडतो आहे. तुम्हीच का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस. गावाचं नाव लिहीत नाही. अकोल्याच्या वर, नदीकाठचं लहानसं तालुक्याचं गाव. तो कापसाचा काळ होता. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती म्हणत, आणि तिकडचा कापूस थांबला म्हणून आमच्या वऱ्हाडात जो तो पऱ्हाटी लावत सुटला होता. दिवाळी झाली की हिवरखेड, अकोट, सगळीकडून गाड्या निघायच्या, आणि त्या सगळ्या आमच्या एका पुलावरून अकोल्याकडे जायच्या.

एका सकाळी तो पूल बंद झाला. मधल्या खांबाला तडा गेला होता. एका गाडीचं चाक फळ्यांतून खाली गेलं, बैल गुडघ्यावर आला, आणि मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं तर खांबात हात जाईल एवढी भेग. तहसीलदारांनी दोन्ही टोकांना साखळी लावली, शिपाई बसवले, आणि मला बोलावून सांगितलं — उताराचा बंदोबस्त तुमच्याकडे; पूल नाही तोवर गाड्या नदीच्या पात्रातूनच पार करायच्या.

तीन दिवसांत गावाची दशा झाली. गाड्यांची रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली. बैलांनी लोकांच्या कुंपणांवरचा पाला खाल्ला, गवत मिळेना, विहिरींवर भांडणं लागली. व्यापारी कचेरीच्या ओट्यावर येऊन ओरडायचे. आम्ही काय करणार? हुकूम लिहायचो. येणाऱ्या गाड्या सकाळी, जाणाऱ्या दुपारनंतर. देवळाजवळ बैल सोडू नयेत. विहिरीवर आधी गावच्या बायका. सगळे हुकूम माझ्या अक्षरात. अक्षर माझं सुरेख होतं, त्याचा मला गर्व होता.

उतार मात्र माझ्या हातात नव्हता. तो उकंडा भोयाच्या हातात होता.

उकंडा म्हणजे चाळिशीचा, काळा, बारीक माणूस. त्याच्या बापाकडे, आज्याकडे त्या नदीचा उतार होता. पूल झाल्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं. आता त्याच्याशिवाय चालेना. त्याची रीत अशी — अनवाणी पाण्यात उतरायचा, एकेक पाऊल टाकून तळ चाचपायचा, टाच दाबून उभा राहायचा, आणि पटलं तरच तिथं बांबूची काठी रोवून तिला निरगुडीची डहाळी बांधायचा. काठ्यांच्या कडेनं गाड्या न्यायच्या. आणि रोज, सकाळी आणि दुपारी, पहिली गाडी पाण्यात घालण्याआधी, तो स्वतः ती ओळ चालून जायचा. तो चालून गेल्याशिवाय कुणी गाडी घालायची नाही. हा नियम कचेरीचा नव्हता, नदीचा होता.

त्याची ओळ वाकडी होती. अर्ध्यापर्यंत सरळ जायची, मग कोपरासारखी वर वळायची आणि पुन्हा खाली यायची. त्या कोपरापाशी प्रत्येक गाडी थांबायची. बैल वळवायचे, मागून रेटायचं, शिव्या द्यायच्या. एक गाडी निघेपर्यंत मागच्या दहा खोळंबायच्या.

"काय रे उकंड्या," एक गाडीवान ओरडला, "नदी सरळ, गाडी सरळ, मंग तूच काहून वाकडा?"

"वरून सरळ दिसते मालक," उकंडा पाण्यातून म्हणाला. "खालून तुमच्या सासूवाणी हाय."

सगळे हसले. मी नाही हसलो. मला तो माणूस आवडत नसे — हे आधीच सांगून टाकतो. एक निरक्षर भोई, लंगोटी लावून पाण्यात उभा, आणि शंभर गाड्या त्याच्या हाताकडे बघत थांबलेल्या. माझा हुकूम काठावर, त्याचा पाण्यात.

चौथ्या दिवशी कळलं की उद्या गोरा साहेब पुलाची पाहणी करायला येतो आहे. तहसीलदार काठावर आले. रांग पाहिली, ओळ पाहिली.

"पंतजी, कल साहब आ रहे, और ये रस्ता देखो. सांप के माफिक."

एवढंच म्हणाले. सरळ करा असं ते म्हणाले नाहीत. हे मी नीट आठवून लिहितो आहे.

दुपारी बैल सोडले होते. गाडीवान बाभळीखाली भाकरी खात होते, शिपाई आडवा झाला होता, उकंडा जेवायला घरी गेला होता. मी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरलो. कोपराच्या चार काठ्या होत्या. फक्त चार. त्या उपटल्या आणि दोन्हीकडच्या ओळीला धरून सरळ रोवल्या. डहाळ्या होत्या तशाच राहिल्या. तिथली वाळू पायाखाली मऊ लागली, पण मला तिनं पेललं. दोनदा पाय आपटून पाहिला. पक्का आहे, म्हटलं. काठावर येऊन मागं वळून पाहिलं, तर दोरी लावल्यासारखी ओळ. काय सुरेख दिसत होती! खोटं कशाला सांगू?

माणसाचं ओझं किती आणि कापसानं भरलेल्या गाडीचं किती — हा विचार मला आला नाही. आला असता तरी मी थांबलो असतो का? सांगता येत नाही.

गाडीवान परतले. त्यांना वाटलं, भोयानं शेवटी ऐकलं. "उकंड्या कुठं हाय? चालून गेला का?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "गेला. घाला गाड्या."

सात गाड्या सरळ पार गेल्या. न थांबता. मी काठावर उभा राहून प्रत्येकीला हात दाखवत होतो.

आठवी हिवरखेडची होती. कापसाच्या ढिगावर गाडीवानाची बायको बसली होती, डोक्यावर लुगड्याचा पदर ओढून. जिथं आधी कोपर होतं तिथं डावं चाक खाली गेलं. सात गाड्यांनी वरचा थर मोडला होता, खाली नुसता गाळ. गाडी हळूच कलंडली — घाईनं नाही, हळूच — आणि सगळा कापूस तिच्यासकट पाण्यात आला. त्या खड्ड्यातही पाणी छातीइतकंच होतं. पण तुम्ही ओला कापूस उचलून पाहिला आहे? तो माणसाला वर येऊ देत नाही.

उकंडा घरून येत होता. ओरडा ऐकून धावत आला, उडी घेतली, तीनदा खाली गेला, आणि तिसऱ्यांदा तिला घेऊन वर आला. तिच्या तोंडात कापूस होता. तो तिला मांडीवर घेऊन काठावर बसला, बोटांनी तो कापूस काढत. मग मान वर करून त्यानं पाण्याकडे पाहिलं.

"काठ्या कोनं हालवल्या?"

सगळे माझ्याकडे पाहत होते असं मला वाटलं. पाहत नव्हते. त्याच्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "कोण हलवणार? तूच लावल्यास ना."

पुढचं सोपं होतं. बाईच्या नवऱ्यानं त्याला तिथंच तुडवलं. शिपाई घेऊन गेले. जबानी मी घेतली, कचेरीच्या मागच्या ओसरीवर, दोघंच. तो म्हणत राहिला — मी बाक देऊनच लावल्या होत्या, पंतजी, देवाची आन. मी लिहिलं — काठ्या सरळ लावण्यात माझी चूक झाली. त्यानं खाली निशाणी केली. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढतो, तसा त्यानं मासा काढला. माझ्या सुरेख अक्षराखाली.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर मी ती जबानी मोठ्यानं वाचली. उकंडा म्हणाला, "मी असं नाई म्हटलं जी." मी शांतपणे म्हणालो, "म्हणालास. घाबरला होतास, तुला आठवत नसेल." साहेबाला मराठी यथातथाच येत होती. त्यानं मान हलवली. पंधरा फटके, आणि उतारावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.

फटके बाजारात मारले. मोजायला मी होतो. अकरावा वेत नीट बसला नाही, खांद्यावरून निसटला. मारणारा शिपाई माझ्याकडे पाहू लागला — धरायचा का? मी म्हणालो, "दहा." आणि तो पुन्हा मारला.

हे एवढं सांगून थांबता आलं असतं. कितीदा मनात असंच सांगितलं आहे, आणि इथंच थांबलो आहे. नोकरीची भीती होती, साहेब आला होता, तरुण होतो — हे सगळं इथवर पुरतं. यापुढचं कशानंच झाकत नाही.

सहा-सात महिने गेले. पूल दुरुस्त झाला होता. साहेब बदलून गेला होता, तहसीलदार नवे होते. त्या प्रकरणाचं कुणाला काही पडलं नव्हतं. एका दुपारी उकंडा माझ्या घरी आला. मागच्या दाराशी, निंबाखाली उभा राहिला. घरची मंडळी माहेरी गेली होती, अंगणात तिसरं कुणी नव्हतं. तो भांडायला आला असं मला वाटलं, आणि मी दाराचा अडसर हातात घेतला.

तो भांडायला आला नव्हता. तो खाली बसला.

"पंतजी, एक विचारू का? रागवू नका. माहं डोस्कं काम नाई करून राहिलं."

"विचार."

"मले वाटते मी त्या काठ्या बाकानंच लावल्या होत्या. पाय सांगते माहा. पन सारं गाव म्हनते सरळ होत्या. मी बी त्या दिवशी पाह्यल्या, तं सरळच होत्या. कागदात बी तसंच हाय. आता मले रातीले समजत नाई का खरं काय. माही बायको म्हनते, जाऊ द्या, इसरा. पन मले समजलं पायजे ना जी. तुमी तिथं होते. तुमीच सांगा. मी कशा लावल्या होत्या?"

त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. एवढं लक्षात घ्या. तो मला पकडायला आला नव्हता. त्याला वाटत होतं, हा शिकलेला माणूस, हा रोज काठावर उभा होता, हा खरं सांगेल.

मी काय गमावणार होतो? अंगणात आम्ही दोघंच. बाहेर जाऊन त्यानं कुणाला सांगितलं असतं तरी भोयाचं कोण ऐकतं? एक शब्द पुरला असता. बाकानं. बाकानंच लावल्या होत्यास. एवढं ऐकून तो उठून गेला असता — मला वाटतं, त्यानं मला शिवीसुद्धा दिली नसती.

मी म्हणालो, "सरळ लावल्या होत्यास, उकंडा. मी पाहिलं होतं. कोपराशी खोळंबा होत होता म्हणून तूच सरळ केल्यास, आणि जेवायला गेलास."

का म्हणालो? तो खाली बसला होता, मी उंबऱ्यावर उभा होतो, आणि त्याला माझ्याकडून काही हवं होतं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही. भीती नव्हती. मी ते सावकाश म्हणालो, आणि त्याचा चेहरा पाहत म्हणालो.

त्यानं बोटानं मातीत एक सरळ रेघ ओढली.

"मंग बाई मीच मारली," तो म्हणाला.

मी हातातला अडसर दाराला टेकवून ठेवला.

"बरं झालं सांगतलं, पंतजी." तो उठला आणि माझ्या पायाला हात लावून गेला. मी पाय मागं घेतला नाही.

त्यानंतर तो पाण्यात गेला नाही. भोयाच्या जातीचा माणूस, बायको नदीवर जाळं टाकायची आणि हा घरी बसून दोऱ्या वळायचा. पऱ्हाटी फुटली की तो हिवरखेडला जायचा. त्या गाडीवानाच्या वावरात कापूस वेचायला — मजुरी न घेता, दर वर्षी, वेचणी संपेपर्यंत. गाडीवानानं पहिल्या वर्षी त्याला दगड मारून हाकललं म्हणतात. दुसऱ्या वर्षी राहू दिलं. उकंडाच्या बायकोला पोरांची सोयरीक जुळवता येईना. घरचा कर्ता माणूस ऐन कामाच्या दिवसांत परक्याच्या वावरात फुकट राबतो, तर तिला कोण विचारणार? ती एकदा माझ्याकडे रडत आली. तुमचं ऐकतात, पंतजी, त्यांना समजवा. मी तिला म्हणालो, त्याच्या मनाला शांती मिळते तर मिळू दे.

अशी अकरा वर्षं. मग तो तिकडेच, हिवरखेडला, तापानं गेला.

दर वर्षी निघताना तो आमच्या दारावरून जायचा. खांद्यावर फडकं, त्यात भाकरी. मी ओट्यावर असलो तर थांबायचा आणि म्हणायचा, "येतो, पंतजी. हिवरखेडले चाल्लो."

आणि मी म्हणायचो, "जा."